शेवटचा हात

३१ जानेवारी २०२१. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी इथं पोलिओच्या डोसाच्या दिवशी पाच वर्षांखालच्या १२ मुलांच्या तोंडात लशीऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलांना रुग्णालयात हलवलं, सुदैवानं सगळी बरी झाली. तिघांना निलंबित केलं गेलं. बातमी देशभर गाजली, मोबाइलवर विनोद फिरले, "यांना वाचता येत नाही का?" असं ज्याला त्याला विचारून झालं, आणि आठवडाभरात सगळे पुढच्या बातमीकडे वळले.

मी निवृत्त नर्स आहे. बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आलं ते टेबल. कोविडचे दिवस, त्यामुळे प्रत्येक टेबलावर सॅनिटायझर असणारच, वरून हुकूमच होते तसे. म्हणजे ज्या टेबलावर वर्षानुवर्षं तोंडात घालायची एकच वस्तू असायची, तिथं एक नवी बाटली येऊन बसली. अशी नवी वस्तू आली की तिची जागाही ठरवून द्यावी लागते: ही इथं, ती तिथं, मध्ये इतकं अंतर. निलंबनाचा कागद झटपट निघतो. टेबल कसं मांडायचं याचा कागद काढायला मात्र कुणीतरी ते टेबल जाऊन बघावं लागतं.

नोकरीभर मी हेच बघत आले. औषध रुग्णाच्या अंगात जाईपर्यंत कितीतरी हातांतून फिरतं. राउंडला मोठे डॉक्टर चालता चालता बोलतात. मागून येणारा हाउसमन, म्हणजे हाताखालचा शिकाऊ डॉक्टर, ते केस पेपरवर लिहितो. सिस्टर ते ट्रीटमेंट शीटवर उतरवते. चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात पडते, तो खाली मेडिकलच्या रांगेत उभा राहतो. काउंटरवरचा मुलगा फळीवरून काढून देतो, नसेल तर म्हणतो, "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी." पिशवी वर येते आणि रुग्णाच्या उशाशी पडून राहते. संध्याकाळच्या ड्यूटीची सिस्टर ती उघडते, तेव्हा ज्यानं लिहिलं तो घरी जाऊन जेवलेलाही असतो. इतक्या हातांपैकी सुई टोचणारा हात तेवढा सगळ्यांना दिसतो. त्यामुळे चौकशी शेवटच्या हातापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथंच संपते.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिटच्या असतात, म्हणजे एक मिलीत ४० युनिट. पेनातलं काडतूस आणि काही बाटल्या १०० युनिटच्या. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० वालीचं टोपण लाल, १०० वालीचं नारिंगी. दिवसाउजेडी शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक कळतो. रात्री अडीच वाजता, वॉर्डातल्या त्या पिवळट दिव्याखाली, एकटी नारिंगी सिरिंज हातात आली की ती लाल आहे की नारिंगी हे सांगायला तुलनेला दुसरी समोर नसते. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अर्धा मिली होतं. म्हणजे ५० युनिट. डॉक्टरांनी २० लिहिलेत, सिस्टरनं २० च्याच रेघेपर्यंत ओढलंय, शीटवरही २० ची सही केलीय. सगळं बरोबर दिसतंय, आणि पहाटे रुग्ण घामानं थबथबलेला, हाक मारली तर ओ देत नाही. उलट झालं, ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये गेलं, तर २० च्या जागी आठच युनिट पोटात. मग सकाळी साखर चढलेली बघून डॉक्टर डोस वाढवतात. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून बरोबर सिरिंज येते, आणि तो वाढवलेला डोस आता खराखुरा पूर्ण जातो.

यात चूक कुणाची? नातेवाइकानं मेडिकलमध्ये नुसतं "इन्सुलिनची सुई द्या" म्हटलं. दुकानात जी होती ती त्यांनी दिली. चिठ्ठीवर सिरिंजचा प्रकार लिहायची पद्धतच नव्हती. एका वॉर्डात आमच्या इन्चार्ज बाईंनी यावर साधी गोष्ट केली. बाटली आणि तिची सिरिंज एकाच प्लॅस्टिकच्या डबीत, डबीवर बेड नंबर आणि मार्करनं मोठ्ठा '४०' किंवा '१००'. एकाची सिरिंज दुसऱ्याच्या डबीत जायची नाही, संपली तर चिठ्ठीवर टोपणाच्या रंगासकट मागवायची. खर्च काय, तर डब्यांचा. परिपत्रक नाही, प्रशिक्षण नाही. त्या वॉर्डात नवी आलेली पोरगीसुद्धा पहिल्या रात्रीपासून नीट इन्सुलिन द्यायची, कारण चुकायला जागाच फारशी नव्हती.

औषधांच्या नावांचं दुखणं याहून जुनं. एका कंपनीचं 'फाल्सिगो', दुसरीचं 'फाल्सिटॅब', दोन्ही मेंदूच्या मलेरियावरची. हे भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २००१ च्या त्या निकालात न्यायालयानं म्हटलं की औषधांच्या नावांतला सारखेपणा इतर मालाहून कडक नजरेनं तपासला पाहिजे, कारण इथला गोंधळ जिवावर बेततो. अमेरिकेत 'लोसेक' हे ॲसिडिटीचं औषध आणि 'लॅसिक्स' हे लघवी वाढवणारं, यांची गल्लत व्हायला लागली तेव्हा लोसेकचं नावच बदलून 'प्रायलोसेक' केलं. आपल्याकडे ब्रँड इतके की सगळी नावं कुणाच्याच डोक्यात मावत नाहीत. मोठ्या अक्षरांत, जेनेरिक नावानं, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर मूळ औषधाच्या नावानं लिहा, असा नियम मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्ये केला. काही डॉक्टर पाळतात. बाकीच्यांचं अक्षर लावता येणं ही आम्हा सिस्टर लोकांची एक कला मानली जायची, आणि आम्हालाही तिचा उगाच अभिमान असायचा. आता वाटतं, तो अभिमान चांगला नव्हता. अक्षर लागत नाही म्हणून शीट परत पाठवणारी सिस्टर आम्हाला तेव्हा आगाऊ वाटायची.

फोनवरच्या ऑर्डरचं तर बोलायलाच नको. रात्री सर झोपेतून उठून सांगणार, "फिफ्टीन दे." इकडे वॉर्डात पंखा खडखडतोय, कुणी कण्हतंय. फिफ्टीन की फिफ्टी? मला एका जुन्या सिस्टरांनी शिकवलं होतं, आकडा सुटा करून परत म्हणायचा. "सर, वन-फाइव्ह, पंधरा ना?" आणि ते हो म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. काही सर वैतागायचे. "एकदा सांगितलं ना!" वैतागू देत. झोपमोड झालेल्या माणसाचा राग सकाळी निवलेला असतो.

रुग्णाचं नाव विचारण्याचंही तसंच. आमच्या भागात पाटील, शिंदे, जाधव यांना तोटा नाही, आणि एकाच वयाच्या दोन शांताबाई पाटील शेजारच्या खाटांवर, हे काही नवल नव्हे. "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारलं की कमी ऐकू येणारी, घाबरलेली म्हातारी मान डोलावते. तिला वाटतं, सिस्टर विचारतायत म्हणजे हो म्हणायचं असतं. म्हणून विचारायचं, "आजी, तुमचं नाव काय? गाव कुठलं?" आणि तिच्या तोंडून येऊ द्यायचं. मनगटावरची पट्टी हल्ली आली. पण पट्टीवरचं नाव वाचायच्या आत औषध हातात काढून झालेलं असतं, तेव्हा पट्टीसुद्धा सजावटच.

आतापर्यंतचं सगळं सावधपणाचं झालं. पण सावधपणावर किती भार टाकायचा, याला मर्यादा असते. काही औषधं अशी असतात की तिथं सावधपणावर विसंबणंच चूक. पोटॅशियम क्लोराइड, वॉर्डात ज्याला आम्ही केसीएल म्हणतो, सलाइनमध्ये घालून हळूहळू दिलं तर औषध. तेच घट्ट द्रावण थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. बाहेर अनेक ठिकाणी यावर उपाय काय केला, तर घट्ट केसीएलची अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची छोटी कुपी, साध्या वॉर्डातून उचलूनच नेली. पाहिजे तेव्हा फार्मसीतून तयार पातळ केलेली येते. ट्रेमध्ये पाण्याच्या अँप्यूलशेजारी केसीएलची अँप्यूलच नाही म्हटल्यावर रात्री तीनला कुणाचे डोळे किती जड आहेत, हा प्रश्नच उरत नाही.

व्हिन्क्रिस्टिनची गोष्ट याहून बोलकी. रक्ताच्या कॅन्सरवरचं हे औषध शिरेतून देतात. पाठीच्या मणक्यातून दिलं तर जवळजवळ नक्की मरण, आणि तेही यातनांचं. त्याच रुग्णाला मणक्यातून द्यायचं दुसरं औषधही असतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या रुग्णालयात २००१ च्या जानेवारीत १८ वर्षांच्या एका मुलासाठी दोन्ही सिरिंज वॉर्डात एकाच वेळी आल्या, आणि शिरेतली मणक्यात गेली. मुलगा कॅन्सरमधून सावरत होता. महिन्याभरात तो गेला. सिरिंजवर 'फक्त शिरेतून' असं लिहिलेलं असूनही अशा चुका जगभर पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. शेवटी २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, सलाइनच्या लहान पिशवीत घालून द्या. मणक्यातून देताना सिरिंजच वापरतात, पिशवी तिथं लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. लेबलानं जे जमलं नाही, ते पिशवीच्या आकारानं केलं.

भुलीच्या वेळी मणक्यात द्यायचं औषध आणि रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड यांच्या सारख्या दिसणाऱ्या अँप्यूलबद्दलही २०२२ मध्ये त्याच संघटनेनं इशारा दिला. सिझेरियनच्या थिएटरमध्ये दोन्ही लागतात, त्यामुळे दोन्ही एकाच ट्रॉलीवर असतात. मी थिएटरला काम करायचे तेव्हा ही भीती कुणी बोलून दाखवत नसे. आज मला त्या ट्रॉलीकडे बघवत नाही.

शेवटचा हात कितीही शहाणा असला तरी पुरत नाही, याचा सगळ्यात कडू दाखला आपल्याच राज्यातला आहे. नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षी आम्हाला पाच 'योग्य' पाठ करायला लावतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना ग्लिसरॉल दिलं गेलं. पाचही 'योग्य' जुळत होते. तरी १४ रुग्ण दगावले, कारण बाटलीतलं ग्लिसरॉल औषधी दर्जाचं नव्हतं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं आणि त्यानं मूत्रपिंडं निकामी केली. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्यांनी औषध देणाऱ्यापाशी न थांबता उलट्या दिशेनं चालायला सुरुवात केली: रुग्णालयाची खरेदी, पुरवठादार, अन्न व औषध प्रशासन, आणि पार मंत्र्यांपर्यंत. आपल्याकडे इतक्या मागं गेलेली चौकशी विरळाच. पण त्याच विषानं २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या मुलांचा खोकल्याच्या सिरपमधून जीव घेतला. त्यातली कितीतरी मुलं उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. तिथल्या सिस्टरांनी ती मुलं डायलिसिसवर बघितली असतील. लेंटिन अहवाल त्यांच्या जन्माआधीचा.

अमेरिकेतला एक खटला आम्हा नर्सेसच्या ग्रुपवर खूप फिरला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये टेनेसीत, ७५ वर्षांच्या बाईंना स्कॅनआधी शांत करायला 'वर्सेड' द्यायचं होतं. नर्सनं औषधाच्या कपाटाच्या यंत्रावर पहिली दोन अक्षरं टाइप केली. औषध त्या नावानं दिसेना म्हणून तिनं 'ओव्हरराइड' केलं, म्हणजे यंत्राची अडवणूक बाजूला सारली, आणि बाहेर आलं व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे पाडणारं. बाई गेल्या. नर्सनं स्वतः चूक सांगितली. २०२२ मध्ये न्यायालयानं तिला दोषी ठरवलं, तुरुंगाऐवजी तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली राहणं, दिलं. ग्रुपवर सगळ्या तिच्या बाजूनं होत्या. मी पूर्ण नव्हते. त्या बाटलीच्या टोपणावरच धोक्याचं वाक्य छापलेलं होतं, ते पावडरचं औषध पाणी घालून विरघळवावं लागलं, वर्सेडला तसं लागत नाही. थांबायला जागा होत्या. पण त्या रुग्णालयात ओव्हरराइड रोजच्या सवयीचं झालं होतं, हेही खटल्यात आलं. आणि मला खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची वाटली: जिनं सांगितलं तीच तुरुंगाच्या दारापर्यंत गेली, हे बघून पुढची सांगेल का?

याचं उत्तर मी एका वॉर्डात बघितलंय. तिथं इन्चार्जच्या टेबलात एक दोनशे पानी वही असायची, तिला आम्ही 'वाचलो वही' म्हणायचो. चूक होता होता राहिली की त्यात लिहायचं. काय झालं, किती वाजता, कशामुळे लक्षात आलं. कुणाचं नाव नाही. 'पन्नासची आणि शंभरची स्ट्रिप एकाच रंगाची, ट्रेमध्ये मिसळल्या.' 'ताप उतरला तरी जुनं इंजेक्शन शीटवरून खोडलं नव्हतं, आजोबांनीच विचारलं.' 'मेडिकलवरून आलेली गोळी दुसऱ्याच आजाराची, कागदी पुडीवर पेन्सिलनं नाव, वाचता येईना.' दर शनिवारी बाई ती मोठ्यानं वाचायच्या आणि त्यातली एक तरी गोष्ट सोमवारपर्यंत बदललेली असायची. त्या इन्सुलिनच्या डब्या याच वहीतून आल्या.

मग मानांकनाची तपासणी आली. नवे प्रशासक आले, त्यांना वही फार आवडली. त्यांनी तिचा छापील फॉर्म केला, त्यात 'संबंधित कर्मचाऱ्याचे नाव' असा रकाना घातला आणि फॉर्म वर पाठवायचा ठरवला. पुढच्या महिन्यापासून फॉर्म कोरे जायला लागले. मीटिंगमध्ये आलेख दाखवला गेला: चुका शून्यावर. टाळ्या झाल्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं ठरवलं होतं. दर १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिन असतो. त्या दिवशी आमच्याकडे पोर्चमध्ये छान रांगोळी काढायचे. मी काढलेल्या सिरिंजच्या रांगोळीला एकदा बक्षीसही मिळालं. त्या रात्री वॉर्डला नेहमीसारखीच एक सिस्टर होती.

कारण शेवटी गोष्ट माणसांपाशीच येते. सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ नर्सेस औषध देत असताना संशोधक शेजारी उभे राहून बघत होते. ४,२७१ वेळा दिलेल्या औषधांचा तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. निम्म्याहून जास्त वेळा मध्येच कुणीतरी नर्सला अडवलं होतं, आणि दर अडथळ्यामागे चुकीची शक्यता साधारण १२ टक्क्यांनी वाढत होती. कुठंकुठं मग औषध देणाऱ्या नर्सला लाल एप्रन घालायला दिला, 'मला हाक मारू नका' असं लिहिलेला. आपल्या जनरल वॉर्डात हा एप्रन घालून बघा. "सिस्टर, सलाइन संपलं." "सिस्टर, बाबांना लघवीला न्यायचंय." "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" सगळ्या हाका रास्त आहेत, आणि त्या ऐकायला दुसरं कुणी नाही. एप्रनचा खर्च परवडतो. त्याच वेळी हाका ऐकायला दुसरी सिस्टर ठेवायचा परवडत नाही, म्हणून एप्रन.

बारकोडचंही तसंच. बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात खाटेशेजारी बारकोड तपासून औषध द्यायला लागल्यावर, वेळेच्या चुका सोडल्या तर बाकीच्या चुका ४१ टक्क्यांनी घटल्या, असं २०१० मध्येच प्रसिद्ध झालंय. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. चांगलं आहे. पण मेडिकलवाला पाच गोळ्या कात्रीनं कापून देतो तेव्हा हातात येणाऱ्या तुकड्यावर धड नाव नसतं, तारीख नसते. आधी ती कात्री खाली ठेवायला लावा, मग स्कॅनरचं बघू.

निवृत्त झाल्यापासून मी त्या साखळीतला दुसरा हात झाले आहे, नातेवाइकाचा. शेजारच्या वहिनींना संधिवात आहे. त्यांना डिस्चार्ज कार्डावर मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं. ही गोळी संधिवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस दगावतो. कार्डावर गोळीपुढे नुसता आकडा होता, वार नव्हता. मी चष्मा शोधत होते तोवर मेडिकलच्या काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "काकू, ही रोजची लिहिलीय का? मला नाही वाटत." त्यानं स्ट्रिप दिली नाही. मागच्या रांगेतले लोक कुरकुरत होते, तरी त्यानं आधी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी नवीन कार्ड दिलं, त्यावर 'फक्त रविवारी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मुलानं तेच स्ट्रिपवरही मार्करनं लिहिलं आणि मगच पैसे घेतले.